भोंग्याची मागची बाजू

या गोष्टीतली सगळी अंतरं देवराव गजभिये यांच्या प्रोस्टेटपासून मोजली आहेत. दुसरीकडून मोजली तर गोष्ट चुकते. तशी ती एकदा चुकलीही.

शून्य

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या पोटाच्या तळघरात बसवलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय, आणि मधोमध आरपार गेलेली लघवीची नळी. म्हणजे खोली एक, शेजारी तीन, आणि त्यातला एक तर खोलीतूनच ये-जा करणारा. अशा ठिकाणी कॅन्सर निघाला की प्रश्न अर्धा वैद्यकाचा राहतो आणि अर्धा शेजारधर्माचा होतो.

देवरावांचा कॅन्सर लहान होता, हळू चालणारा होता आणि ग्रंथीबाहेर पडलेला नव्हता. नागपुरातल्या सदर भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, किरणोत्सर्गी दाणे थेट ग्रंथीतच टाकू. तांदळाच्या दाण्याहून बारीक. एकदा टाकले की परत काढायचे नाहीत. काही महिने किरण सोडतील, मग हळूहळू थंड पडतील आणि पुढे नुसते धातूचे कण होऊन देवरावांबरोबर म्हातारे होतील. असा कॅन्सर या उपायानं बहुतेकांचा कायमचा जातो, असंही डॉक्टर म्हणाले, पण 'बहुतेक' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला.

कोणता दाणा कुठं टाकायचा याचा नकाशा दामिनीनं केला होता. दामिनी दवाखान्यातली भौतिकशास्त्रज्ञ. किरण कुठवर जातील आणि कुठं थांबतील, हे बघणं तिचं काम. तिनं पडदा देवराव आणि भीमाबाई या नवराबायकोकडे वळवला. ग्रंथीभोवती रंगीत घेर होते, एकात एक.

"ह्या लाल टिकल्या कायच्या?" देवरावांनी विचारलं.

"तिथं डोस जास्त. दाण्याच्या अगदी जवळ."

"अन् हा हिरवा घेर?"

"याच्या आत जेवढं आलं तेवढ्याला पुरेपूर डोस मिळणार. ग्रंथीचा एकही कोपरा बाहेर राहायला नको. राहिला तर कॅन्सर तिथं लपून बसेल."

"मधात हे जागा काहून सोडली?"

"ती लघवीची नळी. तिच्याजवळ दाणे मुद्दाम कमी ठेवले, कडेकडेनं जास्त. नाहीतर जळजळ होईल. मागे गुदाशय आहे, त्यालाही जपायचं."

"मंग एकच मोठा दाणा काहून नाही टाकत?"

"जवळचं सगळं भाजून निघेल आणि लांबच्याला काही मिळणार नाही."

देवराव खुर्चीत पुढे सरकले. कामठी रोडवर त्यांची 'गजभिये साऊंड सर्व्हिस' होती. लग्नं, जयंत्या, सभा, निवडणुका, सगळ्यांना त्यांनी आवाज पुरवला होता.

"म्हणजे पाहा," ते म्हणाले. "ग्राउंडवर सभा आहे. म्हाताऱ्या बाया समोर बसतात, त्याईच्या कानापाशी भोंगा नाही बांधायचा. पण शेवटल्या लायनीतल्या माणसाले शब्द न् शब्द गेला पाह्यजे. अन् बाजूले शाळा आहे, तिकडे आवाज नाही गेला पाह्यजे. म्हणून एक मोठा भोंगा नाही, बारीक बारीक बहुत सारे. बरोबर?"

"अगदी बरोबर," दामिनी म्हणाली.

चूक इथं झाली. एखाद्याला 'अगदी बरोबर' म्हटलं की उरलेलं सगळं तो स्वतःच पुरं करतो.

दोन बोटं

देवरावांना भूल देऊन, सुयांनी, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत दाणे टाकले गेले. दुसऱ्या दिवशी ते चालत घरी आले.

पहिली तक्रार नळीनं केली. जळजळ, मग घाई, मग घाईघाईनं गेल्यावर वाट पाहणं. पिशवीनं तिला दुजोरा दिला. गुदाशय मात्र शहाण्यासारखा गप्प राहिला.

एखादा चुकार दाणा लघवीवाटे बाहेर पडू शकतो, म्हणून सुरुवातीला लघवी गाळायला सांगितलं होतं. भीमाबाईंनी नवी गाळणी आणली, तिला लाल दोरा बांधला आणि ती न्हाणीघरात खिळ्याला टांगली. दाणा एकही आला नाही. पण गल्लीतल्या बायकांनी गजभियेंकडचा चहा बंद केला.

"अवं, ते गाळणी अलग आहे," भीमाबाई सांगून थकल्या.

"हाव ना, आमाले माहीत आहे," बायका म्हणत. "पण आज उपास आहे."

दोन हात

दवाखान्यातून निघताना दामिनीनं नियम सांगितले होते. भीमाबाई शेजारी झोपल्या तरी चालेल. लहान मुलाला दोन महिने मांडीवर घ्यायचं नाही. गरोदर बाईनं फार वेळ अगदी जवळ बसायचं नाही. मीटरभर लांब असली की झालं.

"मीटरभर म्हणजे?" भीमाबाईंनी विचारलं.

"दोन हात धरा."

यावर नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रीती कुहीला दिली होती आणि तिला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं होतं. देवरावांनी तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली होती. मशिनी, उभे कॉलम-स्पीकर, वायरींची भेंडोळी बोळीत रचली होती आणि भिंतींना फिका निळा रंग दिला होता. याआधी एकदा प्रीतीचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. पण या खेपेला दोन्ही घरची माणसं तिच्याकडे अशी पाहत, जशी काठोकाठ भरलेली घागर दुसऱ्याच्या डोक्यावर असताना आपण पाहतो.

"तं मंग पोरगी घरी येऊ शकते?" देवरावांनी विचारलं.

"खुशाल येऊ द्या. एका घरात राहा. फक्त दोन हात सांभाळा."

उत्तर एवढं सरळ होतं. पण देवरावांचं त्यानं भागलं नाही. दोन हात हे झालं अंतर. दिशेचं काय? भोंग्यासमोर लांब उभं राहिलं तरी कान किटतात. त्याच भोंग्याच्या मागं चिमणी घरटं करते आणि भर सभेत अंडी उबवते. म्हणून आधी तोंड कुठं आहे ते पाहायचं, मग अंतर. आपल्या ग्रंथीचं तोंड कुठं असेल? देवरावांनी आरशासमोर उभं राहून विचार केला. समोरच असणार. दुसरीकडे कुठं असेल?

म्हणजे पाठ बिनधोक.

हे त्यांनी दामिनीला विचारलं नाही. साऊंडवाला दुसऱ्या साऊंडवाल्याला असल्या गोष्टी विचारत नाही.

भिंत ते दार

आजाऱ्याला भेटायला यावं म्हणून कुहीहून मनकर्णाबाई आल्या, म्हणजे प्रीतीच्या सासूबाई. बरोबर त्यांचे यजमान रुपराव, प्रीती आणि घरच्या धानाच्या तांदळाची थैली.

देवराव मिक्सरसमोर बसायच्या गोल फिरत्या स्टुलावर बसले होते. तोंड भिंतीकडे.

"जय भीम, इवाई," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या. "कशी आहे तब्येत?"

"जय भीम, इहीनबाई," देवराव भिंतीला म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास. या, बसा. भीमा, कूलर लाव वं."

मनकर्णाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं कॅलेंडर होतं.

"बाबा, इकडं पाहा ना," प्रीती म्हणाली.

"तू तिथंच बस, माय. उभी नोको राहू. जेवून निघाली होती का?"

"हाव. पण तुमी भिंतीसंग काहून बोलून राहिले?"

"तुले ऐकू येऊन राहिलं ना? मंग झालं."

बापाचा चेहरा पाहायला प्रीती डावीकडून वळसा घालून पुढे आली. देवराव स्टुलासकट उजवीकडे फिरले. ती उजवीकडून आली. ते डावीकडे फिरले. स्टूल किरकिरला. रुपरावांना हसू आलं, पण बायकोनं पाहिल्यावर त्यांनी त्याचा खोकला केला.

भीमाबाई सांगू शकल्या असत्या. त्यावर सकाळीच दोघांचं भांडण झालं होतं. "तू सांगजो त्याईले." "मी कशी सांगू? तुमचं आहे, तुमीच सांगा." विहिणीसमोर त्या जागेचं नाव कुणी घ्यायचं यावर गाडी अडली होती आणि अजून तिथंच उभी होती. कुहीला एवढंच माहीत होतं की इवायाचं कसलंसं ऑपरेशन झालं.

चहा आला. मनकर्णाबाईंनी कप हातात घेतला, कॅलेंडर आणि व्याह्यांची पाठ यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"भीमाबाई, आमी कुहीवरून आलो. तांदूळ घेऊन आलो. अन् हा माणूस आमाले पाठ दाखवून राहिला. आमच्या गोठ्यातली म्हैसही माणूस आलं तं मान वळवते."

"तसं नाही, इहीनबाई," देवराव कॅलेंडरला म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच..."

"आमच्या भल्यासाठी? चाल वं, प्रीती. बाळंतपण कुहीतच होईल. तिथं लोक तोंड पाहून बोलतात."

देवराव उठले. वळणारच होते. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, प्रीती अगदी मागं उभी होती. मध्ये दोन हात नव्हते, एकसुद्धा नव्हता. ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फाटक वाजेपर्यंत.

"इहीनबाईनं चहा नाही घेतला," नंतर भीमाबाई म्हणाल्या. "गाळणीचं कोणी सांगितलं असंल का तिले?"

कुही (फोनवर, पलीकडचं इथवर ऐकू येत नाही)

"हॅलो, इहीनबाई? मी भीमा बोलून राहिली. ठेवू नोका फोन.

"हाव. हाव, पाठ केली. मीही पाह्यलं ना.

"घमेंड? घमेंड कायची वं माय, घरात कूलर एक, घमेंड कुठं ठेवू?

"दारू नाही. त्याईनं तं चहाही सोडला.

"ते असं आहे ना, ऑपरेशन झालं तं ते... कुठं म्हणजे? खाली.

"नाही, पाय नाही. थोडं वर.

"नाही, गुडघाही नाही. अजून थोडं... इहीनबाई, आता तुमी अंदाज नोका करू, राहू द्या.

"तिले देता का जरा फोन? झोपली? आता? बरं.

"नाही, रागावलो नाही आमी. तुमच्या घरची सून आहे, तुमचं बरोबरच आहे. पण खोली रंगवली होती ना तिच्यासाठी.

"हॅलो?

"हॅलो?"

पुन्हा दोन हात

महिन्यानं दवाखान्यात बोलावलं होतं. दाणे टाकल्यावर ठरल्या जागी बसले का, डोस सगळीकडे पोचतोय का, हे स्कॅन करून पाहतात. दामिनी खूष होती.

"हे बघा, देवरावजी. हिरवा घेर जवळजवळ सगळ्या ग्रंथीवर. या वरच्या कोपऱ्यात जरासा कमी, पण चालण्यासारखा. नळीजवळ ठरवलं होतं त्यापेक्षाही कमी. गुदाशय एकदम सुरक्षित. तुमच्या भाषेत सांगायचं तर शेवटल्या लायनीपर्यंत आवाज जातोय."

देवराव पडद्याकडे पाहत नव्हते.

"काय झालं? जळजळ होते का अजून?"

"ते कमी झाली," भीमाबाई म्हणाल्या. "पण घरात पोरगी नाही आली." आणि मग स्टूल, कॅलेंडर, म्हैस, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

दामिनीनं आधी ओठ दाबले, मग रुमाल काढला, मग सरळ हसली.

"पाठ? देवरावजी, पाठ कशासाठी?"

"भोंग्याच्या मागच्या बाजूले आवाज कमी येते," देवराव जमिनीला म्हणाले.

"अहो, पण दाणा भोंगा नाही. दाणा कंदील आहे. सगळीकडे उजेड पाडतो. आणि तोही मिणमिणता कंदील, बहुतेक उजेड तुमच्याच मांसात जिरतो. म्हणून तर तो आतच ठेवायचा. उभे राहा."

तिनं किरण मोजायचं हातभर लांब यंत्र आणलं. आधी देवरावांच्या ओटीपोटाला टेकवलं. यंत्र टिकटिकलं. मग मागून कमरेला टेकवलं. टिकटिक थोडी बदलली, फार नाही. मग ती दोन हात मागे सरकली. यंत्र जवळजवळ गप्प झालं. अधूनमधून एखादी टिक.

देवरावांनी कान दिला. माणूस आवाजाचा होता, कानावर त्याचा विश्वास होता.

"बस?" ते म्हणाले. "इतकाच?"

"इतकाच. आणि तुम्ही पुढं बघा की मागं बघा, तिला काही फरक नाही. दोन हात होते की नाही, एवढंच."

"एवढ्या बारीक आवाजासाठी मी इहीनबाईले पाठ केली?" देवराव खुर्चीत बसले. अपमान झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. इतकं सगळं करून घेतलं, आणि मशीन कुजबुजते.

"तोंड दाखवलं असतं तं बरं झालं असतं," भीमाबाई म्हणाल्या. "पण ते कुठं सुचते तुमाले."

पटांगणाची रुंदी

देवरावांचे जुने सहकारी नत्थूजी टेम्पो चालवत आणि वायरी ओढत. त्यांना घेऊन देवराव आणि भीमाबाई कुहीला गेले. फाट्यापाशी भीमाबाईंनी फोन लावला, तर मनकर्णाबाईंनी निरोप दिला: घरात पाय ठेवायचा नाही. ज्याले तोंड दाखवायचं नाही त्याचं आमाले पाहायचं नाही.

मनकर्णाबाईंच्या घरासमोर विहाराचं पटांगण होतं. देवरावांनी टेम्पो पटांगणाच्या या टोकाला थांबवला. विहिणीच्या दारात जाऊन बोंबलणं बरं दिसलं नसतं. पण माईकवर बोलणं वेगळं. माईकवर त्यांनी मंत्र्यांनाही 'कृपया आटोपतं घ्या' सांगितलं होतं.

"नत्थूजी, एक भोंगा. तोंड त्या हिरव्या दाराकडं."

नत्थूजींनी मान हलवली आणि सवयीनं चारही दिशांना चार बांधले. आयुष्यात त्यांनी एक भोंगा कधी बांधलाच नव्हता.

"हॅलो. हॅलो, चेक. हॅलो." माईकनं शिट्टी मारली. पिंपळावरचे पोपट उडाले. "सर्व उपस्थितांना सूचना. आदरणीय मनकर्णाबाई ढोके यांनी कृपया लक्ष द्यावे."

माईकवर देवराव नेहमी पुस्तकातली मराठी बोलत.

"मी देवराव गजभिये, नागपूर. गेल्या महिन्यात आपण माझ्या घरी आलात, तेव्हा मी आपणांस पाठ दाखविली. त्याबद्दल मी दिलगीर आहे. त्याचे कारण असे की माझ्या शरीरात औषधी दाणे बसविले आहेत. कोठे बसविले आहेत, ते येथे सांगणे..."

"सांगून टाका गा," नत्थूजी कुजबुजले. भोंग्यानं ती कुजबुज चारही दिशांना नेली. "नाहीतं लोक डोक्यात समजतील."

देवराव थांबले. पटांगणाच्या कडेनं माणसं जमू लागली होती. हिरवं दार बंदच होतं.

"प्रोस्टेटमध्ये," ते म्हणाले.

कडेच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

"लघवीच्या नळीभोवती असते ते. तिथं कॅन्सर होता. लहान. दाणे टाकले, आता बरं आहे. पण दाण्याईतून किरण निघतात, अन् पोरगी पोटुशी आहे. मले वाटलं, भोंग्याच्या मागच्या बाजूले आवाज कमी येते, तसंच दाण्याचं असंल. म्हणून पाठ केली. तुमचा अपमान नव्हता, इहीनबाई. आता डॉक्टरीणबाईनं मशीन लावून दाखवलं. दाणा चारही बाजूले बोलते, पण बहुत हळू बोलते. दोन हातावर ऐकूही येत नाही. मीच खोटा पडलो."

पुस्तकातली मराठी केव्हा संपली, त्यांना कळलंही नाही.

"एकदा गेलं होतं तिचं. त्या टायमाले मी लग्नाच्या ऑर्डरवर होतो, भोंगे बांधून राहिलो होतो. ह्या टायमाले माझ्याकून काही होऊ नये, एवढंच होतं मनात. दुसरं काही नव्हतं."

हिरवं दार उघडलं. मनकर्णाबाई पदर खोचत पटांगणातून सरळ टेम्पोकडे आल्या. माणसं बाजूला झाली.

"बंद करा ते!"

नत्थूजींनी घाईत बटण फिरवलं. उलटं फिरवलं.

"इवाई," मनकर्णाबाईंचा आवाज चारही भोंग्यांतून गावावर पसरला, "हे तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुमच्यासमोर त्या जागेचं नाव कसं घेऊ, इहीनबाई?"

"अन् आता साऱ्या कुहीसमोर घेतलं ते?"

पटांगण हसलं. देवरावांनी हात जोडले. मनकर्णाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खोचलेला पदर सोडला.

तेवढ्यात मागून रुपराव आले. त्यांनी देवरावांच्या कानाशी वाकून, अगदी खाजगी आवाजात विचारलं, "इवाई, रातीले किती खेपा उठत होते तुमी?" हा प्रश्नसुद्धा कुहीनं ऐकला.

मनकर्णाबाई सावकाश वळल्या. "तुमी काहून विचारून राहिले?"

रुपरावांनी आभाळाकडे पाहिलं. गर्दीतले आणखी दोन-तीन म्हातारेही आभाळाकडे पाहू लागले.

"नत्थूजी," देवराव म्हणाले, "बटण दुसऱ्या बाजूले फिरवा."

दोन हात, मनकर्णाबाईंच्या मापानं

प्रीती हिरव्या दारातून बाहेर आली होती आणि पटांगण अर्धं ओलांडून चालली होती.

"तिथंच राह्य वं!" मनकर्णाबाई ओरडल्या. मग भीमाबाईंना म्हणाल्या, "किती म्हणे ते डॉक्टरीणबाई?"

"दोन हात."

"आपण चार धरू."

त्यांनी स्वतः वाकून कोपरापासून बोटांपर्यंत मातीत चार हात मोजले आणि पायानं रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे प्रीती उभी राहिली. अलीकडे देवराव.

"इकडं पाहा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

देवरावांनी पाहिलं. मुलगी भरली होती, गालांवर वांग आले होते, पाय सुजले होते. यातलं त्या दिवशी त्यांना काहीच दिसलं नव्हतं. कॅलेंडर मात्र पाठ झालं होतं.

"बाबा, तुमी वाळले," प्रीती म्हणाली.

"तू जाड झाली."

"होईन नाही तं काय!"

"पोरगी येईल," मनकर्णाबाईंनी जाहीर केलं. माईक बंद होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "पण तिच्यासंग तोंड पाहून बोलायचं. लेकरू मांडीवर घ्यायचं नाव आधी डॉक्टरीणबाई काढंल, मंग तुमी. अन् मी येऊन पाह्यतो अधीमधी. चहा घेईन, पण गाळणी मले दाखवा आधी."

भीमाबाईंनी मान खाली घातली. गाळणी कुहीपर्यंत पोचली होती.

शून्य

परत निघताना प्रश्न आला तो गाडीत कोण कुठं बसणार याचा. जावई प्रशिकनं आपली कार काढली. तिच्यात प्रीती आणि भीमाबाई बसल्या. देवरावांना त्या कारमध्ये दोन हात मिळणार नव्हते. टेम्पोत नत्थूजींच्या शेजारी बसले असते तर तोंड नागपूरकडे आणि पाठ मुलीकडे झाली असती.

"तसं नाही चालणार," देवराव म्हणाले.

ते टेम्पोच्या मागच्या फळीवर, घडी घातलेल्या गादीवर, तोंड मागं करून बसले. एक भोंगा त्यांनी शेजारी बांधून घेतला, त्याचंही तोंड मागं. पुढं टेम्पो, मागं कार, मध्ये मुलगी काचेतून दिसेल इतकंच अंतर.

फाट्यापर्यंत रस्ता बरा होता. फाटा ओलांडला आणि टेम्पोचं चाक पहिल्या खड्ड्यात गेलं. तो खड्डा देवरावांना अगदी आत, जिथून या गोष्टीतली सगळी अंतरं मोजली तिथं, नीट कळला. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि माईक तोंडाशी धरला.

"हॅलो. जवाईबापू, कृपया लक्ष द्यावे. पुढे मोठा खड्डा आहे. डावीकडून काढा. हळू."

कार डावीकडून, अलगद, हलेल न हलेल अशी पुढे आली. काचेमागं प्रीती हसताना दिसली. तिनं हात हलवला.

टेम्पो पुन्हा आदळला.

"हॅलो," देवराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कशाचं होतं हे या अंतरावरून सांगता येत नाही. "आता उजवीकडून. बारीक आहे. पण हळूच काढा."